हृदयाच्या झडपेचा जंतुसंसर्ग आणि पांढऱ्या पेशींचा रिपोर्ट : काय पाहावे, काय करावे

निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात थंडीच्या दिवसांत ताप आला, की तो आधी गारठ्याच्या आणि मग टायफॉइडच्या नावावर जमा होतो. ज्यांच्या हृदयाची झडप लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापाने (घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या, सांधे आणि हृदयाला इजा करणाऱ्या तापाने) खराब झालेली आहे, ज्यांना कृत्रिम झडप बसवलेली आहे किंवा ज्यांना झडपेचा संसर्ग पूर्वी एकदा होऊन गेला आहे, त्यांच्या बाबतीत मात्र हा अंदाज महागात पडतो. त्यांचा रेंगाळणारा ताप एन्डोकार्डायटिसचा, म्हणजे हृदयाच्या आतील अस्तराच्या आणि झडपांच्या जंतुसंसर्गाचा असू शकतो.

अशा रुग्णाने डॉक्टरांना झडपेची गोष्ट पहिल्याच वाक्यात सांगावी, आणि अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्यापूर्वी ब्लड कल्चरबद्दल, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीबद्दल विचारावे. कल्चरसाठी सहसा वेगवेगळ्या शिरांमधून रक्ताचे तीन संच घेतात. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या चार गोळ्यांनी आजार बरा होत नाही, पण रक्तातले जंतू तात्पुरते दबून कल्चर निगेटिव्ह येऊ शकते आणि नेमके औषध निवडण्याचा आधारच हातचा जातो. रुग्ण अतिशय गंभीर असेल, तर कल्चरचे रक्त घेताच डॉक्टर निकालाची वाट न पाहता औषध सुरू करतात.

सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशींचा टोटल काउंट प्रौढांत दर मायक्रोलिटर रक्तामागे साधारण 4,000 ते 11,000 असतो आणि त्यांत न्यूट्रोफिलचे प्रमाण सर्वाधिक असते. जंतूला गिळून आतल्या आत मारणे हे न्यूट्रोफिलचे मुख्य काम. स्टॅफिलोकोकस ऑरियससारखा आक्रमक जंतू असेल, तर काउंट झपाट्याने वाढतो आणि अस्थिमज्जा अर्धवट वाढलेल्या पेशीही रक्तात पाठवू लागते. याउलट तोंडातून आलेल्या स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग आठवडेच्या आठवडे मंद धुमसतो, आणि तेव्हा काउंट अगदी नॉर्मल असू शकतो. ‘काउंट चांगला आहे, म्हणजे इन्फेक्शन नाही’ हे घरोघरी ऐकू येणारे वाक्य इथे साफ चुकते. हिमोग्लोबिन घसरलेले, ईएसआर आणि सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) वाढलेले, रात्री घाम आणि वजनात घट असे चित्र असेल, तर नॉर्मल काउंटवर समाधान न मानता टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यावा. त्यात काही दिसले नाही तरी शंका उरल्यास अन्ननलिकेतून केला जाणारा इको अधिक बारकाईने दाखवतो.

इतक्या पांढऱ्या पेशी असूनही हा जंतू का टिकतो, याचे उत्तर झडपेच्या रचनेत आहे. इतर ठिकाणी न्यूट्रोफिल सूक्ष्म रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून, तिच्या फटीतून बाहेर पडून जंतूपर्यंत पोहोचतात. झडपेच्या पातळ पडद्यात मात्र अशा वाहिन्या जवळपास नसतातच, आणि तिच्यावरून रक्त वेगाने वाहत असते. जंतू तिथे फायब्रिन (रक्त गोठवणारे धागे) आणि प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) यांच्या गाठोळ्यात दडून बसतात. पांढऱ्या पेशी त्या गाठोळ्याच्या बाहेरच्या थरापलीकडे फारशा शिरत नाहीत. शिवाय न्यूट्रोफिल मरताना स्वतःच्या डीएनएचे जाळे बाहेर टाकतात. जंतूला अडकवण्यासाठी टाकलेले हे जाळे कधी कधी त्याच गाठोळ्याच्या विणीत मिसळते आणि ते वाढायला हातभार लावते. दुसरीकडे लिम्फोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या कुळातील पेशी प्रतिपिंडे तयार करीत राहतात. ती जंतूंच्या अंशांना चिकटून मूत्रपिंडात साचली, तर लघवीत रक्त जाते. म्हणून या तापात लघवीची तपासणी वगळू नये.

पेशींची मदत तोकडी असल्यामुळेच इथे जंतूची वाढ नुसती थोपवणारे औषध पुरत नाही. त्याला ठार मारणारे औषध लागते आणि ते बहुतेकदा चार ते सहा आठवडे शिरेतून द्यावे लागते. ताप आठवड्यात उतरतो, बागेत द्राक्षांची काढणी तोंडावर असते आणि घरी जाण्याची घाई सुरू होते; पण गाठोळ्याच्या गाभ्यातले सुस्त जंतू तेव्हाही जिवंत असू शकतात.

उपचार लांबले की सीबीसी दर आठवड्याला पाहावी, कारण पेनिसिलिनच्या गटातील औषधे दोन-तीन आठवड्यांनंतर काही रुग्णांत न्यूट्रोफिल कमी करतात. हिशेब सोपा आहे : टोटल काउंटला न्यूट्रोफिलच्या टक्केवारीने गुणून शंभराने भागावे. काउंट 3,200 आणि न्यूट्रोफिल 40 टक्के असतील, तर उत्तर 1,280 येते; 1,500 च्या खालचा आकडा त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा. औषध मात्र स्वतःहून बंद करू नये. अचानक तोंड वाकडे होणे, हातापायातली शक्ती जाणे किंवा धाप वाढणे, यांपैकी काहीही झाल्यास रिपोर्टची वाट न पाहता थेट इमर्जन्सीत न्यावे. गाठोळ्याचा तुकडा मेंदूकडे गेलेला असू शकतो किंवा झडप फाटलेली असू शकते.

मिश्री लावून हिरड्या सुजवून घेणे झडपेच्या रुग्णाने सोडावे आणि दातांची तपासणी नियमित करावी. कृत्रिम झडप किंवा पूर्वीचा संसर्ग असल्यास दात काढण्याआधी डेंटिस्टला ते सांगावे. अशा प्रौढांना, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी नसल्यास, साधारणतः अर्धा ते एक तास आधी 2 ग्रॅम अ‍ॅमॉक्सिसिलिन दिले जाते. आणि डिस्चार्जनंतर पुन्हा ताप आलाच, तर घरात उरलेली गोळी न घेता आधी पुन्हा ब्लड कल्चर.