साल कमी सोला, अर्क पुरेपूर काढा

पावसाचा जोर ओसरत आला की झाडात रस खेळत असतो आणि साल लाकडापासून सहज सुटते. सोलणीसाठी हे दिवस सोयीचे, पण मोठी चूकही याच दिवसांत होते. कोयता जरा खोल गेला की सालीखालचा वाढीचा थरच निघून येतो आणि लाकूड उघडं पडतं. खोडाभोवती पूर्ण कडं सोललं, तर पानांनी तयार केलेलं अन्न मुळांपर्यंत जात नाही आणि झाड हळूहळू वाळून जातं.

म्हणून साल शक्यतो छाटलेल्या फांद्यांची घ्या. उभ्या खोडाची घ्यावीच लागली तर अरुंद उभ्या पट्ट्या काढा. एका वेळी घेराच्या पाव भागापेक्षा जास्त नको, आणि आतला पातळ थर झाडावरच राहू द्या. ती जागा भरून येईपर्यंत त्या झाडाला पुन्हा हात लावू नका.

अर्क कमी आला की आपण आणखी साल काढतो. माझ्या मते दोष बहुतेक वेळा वाळवण्यात आणि उकळण्यात असतो, आणि त्याची भरपाई झाडाला करावी लागते. ओली साल ढिगात पडली की तापते, काळवंडते, तिला बुरशी धरते आणि टॅनिनसारखे (टॅनिन म्हणजे कातडी कमावायला लागणारा सालीतला तुरट पदार्थ) घटक हवेशी संयोग होऊन वाया जातात. सोलल्या दिवशीच वरची मेलेली खरखरीत साल, शेवाळ, माती खरवडून टाका. अनेक झाडांत कामाचा माल आतल्या जिवंत सालीत असतो. पट्ट्या सावलीत, हवेशीर जाळीवर एकेरी थरात पसरा. ड्रायर असेल तर 40 ते 45 अंश सेल्सिअस पुरे. वाकवताच पट्टी कट्कन मोडली की वाळली समजा. नुसती वाकली तर अजून ओल आहे.

अर्क काढायच्या वेळीच साल भरडा, 2 ते 5 मिलिमीटरचे तुकडे होतील एवढीच. पिठासारखी केली तर गाळताना कापड चोंदतं.

बाभळीसारख्या सालीतलं टॅनिन पाण्यात उतरतं. पाणी 70 ते 80 अंशांवर ठेवा. खळाखळा उकळलं की जास्त उतरतं, हा समज सोडा. त्याने डिंक आणि इतर नको ते घटक जास्त येतात, शिवाय टॅनिनचे काही रेणू एकमेकांना जोडले जाऊन न विरघळणारा तांबूस गाळ बनतो. अर्क गडद दिसतो, पण माल घटलेला असतो. लोखंडी भांडं तर अजिबात नको: लोहाशी संयोग होऊन अर्क शाईसारखा निळा-काळा पडतो. स्टेनलेस स्टीलचं पातेलं घ्या आणि पाणी शक्यतो कमी क्षारांचं, पावसाचं साठवलेलं असेल तर उत्तम.

एकदाच भरपूर पाणी ओतण्यापेक्षा तेच पाणी तीन भागांत विभागून तीनदा अर्क काढा. दर वेळी ताजं पाणी मिळाल्याने सालीत उरलेला माल पुन्हा बाहेर ओढला जातो. तिसरा अर्क फिका असतो, पण तो फेकू नका. पुढच्या ताज्या सालीवर पहिलं पाणी म्हणून तोच ओता. टॅनिनचे कारखाने हौदांची रांग लावून हेच करतात: ताजं पाणी जुन्या चोथ्यावर, दाट अर्क ताज्या सालीवर. फळांची गोडी मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर असेल तर प्रत्येक अर्काचा आकडा लिहून ठेवा. त्यात टॅनिन वेगळं कळत नाही, पण कितव्या वेळी थांबायचं ते कळतं.

अर्जुनाच्या सालीतले ट्रायटर्पिनॉइड नावाचे औषधी घटक पाण्यात फारसे विरघळत नाहीत. त्यांना इथेनॉल (अल्कोहोल) आणि पाण्याचं मिश्रण लागतं, ते झटकन पेट घेतं. हे काम शेतावर करू नये. अशी साल नीट वाळवून विकावी. औषधी सालीचा अर्क घरच्या अंदाजाने कुणाला पाजूही नका.

पाण्यातला अर्क लवकर आंबतो, म्हणून गाळून त्याच दिवशी मंद आचेवर आटवा. वाळलेली साल कोरड्या, अंधाऱ्या जागी जमिनीपासून उंच ठेवा आणि प्रत्येक पोत्यावर झाडाचं नाव व सोलल्याची तारीख लिहा. उरलेला चोथा शेणात मिसळून कंपोस्टच्या खड्ड्यात घाला. कुजायला वेळ लागतो, तेवढा द्या.