करार कायदा ऑनलाइन शिकताना या चुका टाळा

प्रस्ताव, स्वीकृती, प्रतिफल (वचनाच्या बदल्यात मिळणारी गोष्ट) हे तीन शब्द पाठ झाले की करार कायदा संपला, असं ऑनलाइन पॅरालीगल (वकिलाचा मदतनीस) कोर्सच्या बऱ्याच विद्यार्थ्यांना वाटतं. व्हिडिओ समजतात, प्रश्नमंजुषेत चांगले गुण पडतात आणि मग पहिल्या खऱ्या असाइनमेंटला गाडी अडते. कारण बहुतेक वेळा एकच असतं. नोट्समधला नियम कुठल्या देशाचा, कुठल्या राज्याचा आणि कुठल्या सालचा, हे कोणी विचारलेलंच नसतं.

इंग्लंड-अमेरिकेचे नियम भारतीय उत्तरात घुसवणं

सगळ्यात जास्त गुण इथे जातात. इंटरनेटवर शोधल्यावर वर येणारं साहित्य बरंचसं परदेशी असतं, आणि काही कोर्सच्या स्लाइड्सही तिथूनच उचललेल्या असतात. विद्यार्थी लिहितो, ‘तोंडी करार कायदेशीर नसतो.’ अमेरिकेत ठरावीक रकमेवरच्या मालविक्रीसाठी लेखी पुरावा लागतो, त्यावरून हे आलेलं असतं. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात कलम १० उघडा. मुक्त संमती, सक्षम पक्षकार, कायदेशीर प्रतिफल, कायदेशीर उद्देश आणि तो करार कायद्याने रद्दबातल ठरवलेला नसणं, एवढ्याच अटी आहेत. करार लेखी हवा असं दुसरा एखादा कायदा म्हणत असेल तर ती अट पाळायची, नाहीतर तोंडी करारही करारच. तो कोर्टात सिद्ध करताना दमछाक होते ही गोष्ट खरी, पण ‘सिद्ध करणं अवघड’ आणि ‘वैध नाही’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत.

प्रतिफलाचंही तसंच. आधीच झालेल्या कामाचं प्रतिफल चालत नाही, हा इंग्लंडचा नियम. आपल्या कलम २ मधली व्याख्या भूतकाळात केलेली कृतीही धरते, फक्त ती वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून झालेली असावी लागते. शिवाय प्रतिफल वचन घेणाऱ्यानेच द्यायला हवं असं नाही, दुसऱ्या कोणी दिलं तरी चालतं. १८८२ च्या मद्रासच्या चिन्नय्या वि. रामय्या प्रकरणात आईने मुलीला मिळकत दिली आणि मुलीने आईच्या भावंडाला दरवर्षी रक्कम देण्याचं कबूल केलं. नंतर मुलगी त्या भावंडाला म्हणाली, तुमच्याकडून मला काय मिळालं? मद्रास हायकोर्टाने हा बचाव मानला नाही. इंग्लंडच्या कायद्याच्या पुस्तकावरून उत्तर लिहिलंत तर तुम्ही त्या मुलीच्या बाजूने निकाल द्याल.

तिसरी गफलत अज्ञानाच्या कराराची. कायद्याच्या भाषेत अज्ञान म्हणजे १८ वर्षांखालची व्यक्ती. ‘सज्ञान झाल्यावर त्याने करार मान्य केला तर तो लागू होतो,’ हे वाक्य उत्तरपत्रिकांत सर्रास दिसतं. मोहोरी बिबी वि. धर्मोदास घोष (१९०३) नंतर भारतात असा करार मुळातच रद्दबातल आहे. जे जन्मलंच नाही, त्याला नंतर मान्यता कसली देणार? अज्ञानाला जीवनावश्यक वस्तू पुरवल्या तर त्याच्या मालमत्तेतून भरपाई मागता येते, पण ती कलम ६८ खाली, करार म्हणून नाही. जुन्या नोट्समध्ये ‘कोर्टाने पालक नेमला असेल तर सज्ञान होण्याचं वय २१’ असंही असतं. १९९९ च्या दुरुस्तीने ते गेलं. आता सगळ्यांसाठी १८.

व्हॉइड, व्हॉइडेबल आणि बेकायदा एकाच पोत्यात भरणं

इथे व्याख्या पाठ करून उपयोग होत नाही. प्रश्न वाचताना विचारा, करार मोडायचा की ठेवायचा हे ठरवण्याचा अधिकार कोणाला आहे? जबरदस्ती, फसवणूक, गैरसमज करून देणारी चुकीची माहिती, यांत तो अधिकार फसलेल्या पक्षाला असतो. त्याने मनात आणलं तर करार चालूही राहतो. हा व्हॉइडेबल. दोघांचीही मूळ वस्तुस्थितीबद्दल चूक असेल तर कलम २० खाली तो व्हॉइड म्हणजे रद्दबातल, तिथे निवडीचा प्रश्नच नाही. आणि एकट्याचीच चूक असेल तर कलम २२ म्हणतं, तेवढ्यावरून करार मोडता येत नाही. दर न वाचता सही करणाऱ्याला या कलमाचा फटका बसतो.

व्हॉइड आणि बेकायदा यांतला फरक पैजेच्या उदाहरणाने चांगला कळतो. कलम ३० खाली पैजेचा करार व्हॉइड आहे, पण सुप्रीम कोर्टाने घेरूलाल पारख प्रकरणात (१९५९) सांगितलं की तो बेकायदा नाही. म्हणून पैजेभोवतीचे जोडकरार, उदाहरणार्थ त्यासाठी केलेली भागीदारी, टिकू शकतात. बहुतेक व्हिडिओ इथे थांबतात. पण जुन्या मुंबई इलाख्यात १८६५ चा एक कायदा होता, त्याने असे जोडकरारही रद्दबातल ठरवले होते. पुण्या-मुंबईतल्या व्यवहाराचा प्रश्न आला तर ही ओळ लिहिणारा विद्यार्थी लगेच वेगळा दिसतो.

‘अकरा महिन्यांचा करार, नोंदणीची गरज नाही’

देशभरासाठी बनवलेल्या कोर्समध्ये हे वाक्य हमखास असतं आणि तिथे ते तसं चुकीचंही नाही. नोंदणी कायद्याचं कलम १७ एका वर्षावरच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची करतं, म्हणून लोक ११ महिन्यांवर थांबतात. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ आहे. जागा भाड्याने देण्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग मुदत ११ महिने असो की तीन. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. घरमालकाचं खरं नुकसान इथे होतं, दंडात नाही. याच कायद्याच्या कलम ३ ने काही जागा, जसं मोठ्या भांडवलाच्या कंपन्यांना दिलेल्या, वगळल्या आहेत, तेही तपासा.

मुद्रांकाबाबत दोन गैरसमज एकत्र फिरतात. पहिला असा की स्टॅम्प पेपरवर नाही म्हणजे करारच नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने लवाद कराराच्या संदर्भात स्पष्ट केलं की मुद्रांक नसलेला दस्त पुराव्यात घेता येत नाही, पण तो रद्दबातल नसतो. शुल्क आणि दंड भरला की हा दोष निघतो. दुसरा गैरसमज सहा महिन्यांचा. जुन्या स्टॅम्प पेपरवर करार केला तरी तेवढ्याने तो बाद होत नाही, असा सुप्रीम कोर्टाचा २००८ चा निकाल सगळीकडे सांगितला जातो. तो निकाल तमिळनाडूतल्या प्रकरणाचा आहे. महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्यात खरेदीपासून सहा महिन्यांत न वापरलेला मुद्रांक निरुपयोगी ठरवणारी स्वतंत्र तरतूद आहे. शिवाय ऑक्टोबर २०२४ पासून इथे अनेक दस्तांचं १०० रुपयांचं शुल्क ५०० झालं, त्यामुळे जुन्या नमुन्यावरचा ‘रु. १००/-’ तसाच टाइप करू नका.

जुन्या पीडीएफवर विसंबणं

१ जुलै २०२४ पासून १८७२ चा पुरावा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला. करार कायदाही १८७२ चाच, म्हणून तोही बदलला असं समजणारे विद्यार्थी आहेत. तो जागेवरच आहे. बदललं ते हे की लेखी कराराच्या विरोधात तोंडी पुरावा चालतो का, या प्रश्नाला आता ‘पुरावा कायदा, कलम ९१-९२’ हे उत्तर अपुरं आहे.

विनिर्दिष्ट अनुतोष (स्पेसिफिक रिलीफ) कायद्यातला बदल याहून मोठा. साठेखत होऊनही मालक खरेदीखत करून देत नसेल, तर कराराची पूर्तता करून देणं हे कोर्टाच्या विवेकाधीन, असं जुनं पुस्तक सांगतं. १ ऑक्टोबर २०१८ पासूनच्या दुरुस्तीने तो सर्वसाधारण विवेकाधिकार काढला आणि कायद्यातल्या ठरावीक अपवादांखेरीज पूर्तता करून द्यावी असा नियम केला. म्हणून अशा प्रश्नात व्यवहाराची तारीख आधी अधोरेखित करा.

एक छोटा गोंधळ इथेच सोडवून टाकू. करार कायद्याच्या बेअर अॅक्टमध्ये (टीका नसलेल्या मूळ मजकुरात) कलम ७५ नंतर एकदम १२४ येतं, तेव्हा पानं गळालेली नाहीत. मालविक्रीची कलमं १९३० मध्ये स्वतंत्र कायद्यात गेली. २३९ पासूनची भागीदारीची कलमं १९३२ मध्ये गेली, म्हणून कायदा २३८ वर संपतो.

खटल्याचं नाव पाठ, हकिकत कोरी

भगवानदास केडिया वि. गिरधारीलाल (१९६६) म्हणजे ‘टेलिफोनवरचा करार’, एवढंच लिहून गुण मिळत नाहीत. अहमदाबादच्या व्यापाऱ्यांनी फोनवर सरकीच्या पेंडीची मागणी केली, खामगावच्या केडियांनी ती स्वीकारली. माल आला नाही. दावा अहमदाबादला की खामगावला, हा वाद होता, कारण करार जिथे झाला तिथल्या कोर्टाला अधिकार. बहुमताने ठरलं की फोनवर स्वीकृती जिथे ऐकली गेली, तिथे म्हणजे अहमदाबादला करार झाला. न्या. हिदायतुल्ला यांचं मत वेगळं होतं. स्वीकृती कळवणं कधी पूर्ण होतं हे सांगणाऱ्या कलम ४ चे शब्द फोनलाही लागू पडतात आणि करार खामगावचाच, असं त्यांनी लिहिलं. मला त्यांचं तर्कशास्त्र जास्त पटतं, पण उत्तरात बहुमत लिहायचं आणि मतभेदाची एक ओळ द्यायची. ईमेल किंवा व्हॉट्सअॅपवरच्या कराराचा प्रश्न आला की पत्राचा नियम (पत्र टपालात टाकताच स्वीकृती पूर्ण) डोळे मिटून लावू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०अ आणि संदेश कुठून निघाला, कुठे पोचला हे ठरवणारं कलम १३ बघा.

हकिकत न वाचल्यामुळे नोकरीच्या करारांवरही उत्तरं फसतात. ‘कलम २७ खाली व्यवसायबंदी व्हॉइड’ एवढं लिहून विद्यार्थी मोकळा होतो. गोलिकरी प्रकरणात (१९६७) कल्याणच्या कारखान्यातला शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांच्या करारावर होता आणि मुदत संपण्याआधी कोटा शहरातल्या स्पर्धक कंपनीत गेला. मुदत चालू असतानाचं बंधन सुप्रीम कोर्टाने वैध ठरवलं. नोकरी संपल्यानंतरच्या बंदीचं उत्तर वेगळं येतं. आणि तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख भरा, अशी बँकेची अट २०२५ मध्ये टिकली, कारण ती दुसरीकडे काम करायला मनाईच करत नव्हती.

साठेखतातली ‘व्यवहार मोडल्यास भरलेली सर्व रक्कम जप्त’ ही ओळही अशीच फसवी. फतेहचंद प्रकरणात (१९६३) विसार म्हणून दिलेले १,००० रुपये विक्रेत्याला ठेवता आले. नंतर घेतलेल्या २४,००० वर हक्क मिळाला नाही, कारण त्याने नुकसान दाखवलं नव्हतं. कलम ७४ खाली करारातला आकडा ही कमाल मर्यादा असते. हातात पडते ती वाजवी भरपाई.

एआयने दिलेले निकाल

२०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने चॅटजीपीटीने रचलेले खोटे निकाल सादर केल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलर दंड केला. तुम्हाला मिळालेलं प्रत्येक निकालाचं नाव सुप्रीम कोर्टाच्या ई-एससीआर या निकालांच्या संकेतस्थळावर किंवा त्या हायकोर्टाच्या संकेतस्थळावर उघडून बघा, आणि कलम ‘इंडिया कोड’ या सरकारी कायद्यांच्या संकेतस्थळावर. निकाल उघडत नसेल तर तो वापरू नका.

कोर्सचं प्रमाणपत्र म्हणजे सनद नव्हे

अॅडव्होकेट्स अॅक्ट १९६१ च्या कलम ३३ नुसार कोर्टात वकिली करण्याचा हक्क नोंदणीकृत वकिलालाच आहे. विधी सेवा प्राधिकरणाचा पॅरालीगल स्वयंसेवक होण्यासाठीही या प्रमाणपत्राने आपोआप नेमणूक होत नाही, त्यांची निवड आणि प्रशिक्षण वेगळं असतं. शेजाऱ्याने भाडेकरार दाखवला तर ‘तुम्ही केस जिंकाल’ असं बोलू नका. कागद, तारखा आणि कुठलं कलम लागू शकतं हे एका पानावर उतरवून वकिलाकडे द्या. पॅरालीगलकडून ऑफिसला नेमकं हेच पान हवं असतं.