भुवया आवरताना

मालिकेच्या सेटवर माझा पहिला क्लोज, म्हणजे फक्त चेहऱ्याचा शॉट, लागला तेव्हा कॅमेऱ्यामागून आवाज आला, "मॅडम, भुवया खाली." घेतल्या खाली. "आता तोंड बंद." माझं तोंड बंदच होतं, निदान मला तरी तसं वाटत होतं. नंतर मॉनिटरवर पाहिलं तर समोरची नटी बोलत होती आणि तिचं प्रत्येक वाक्य मी ओठांतल्या ओठांत पुटपुटत होते. पाठांतर पक्कं असल्याची शिक्षा! एकांकिकेत तीन वर्षं मी हे करत असणार, पण रंगमंचावर ते कुणाला दिसतंय?

पुण्यात कॉलेजला होते तेव्हा आमचं सगळं वर्ष पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेभोवती फिरायचं. भरत नाट्य मंदिरात तालीम बघायला आलेला प्रत्येक सीनियर शेवटच्या रांगेत जाऊन बसायचा आणि तिथून ओरडायचा, "काही दिसत नाहीये!" मग आम्ही दाखवायचो. राग आला की नाकपुड्या, धक्का बसला की भुवया, प्रेमात पडलं की मान. त्याबद्दल तक्रार नाही, नाटकात ते लागतंच. घोळ झाला तो मी तोच चेहरा घेऊन ठाण्याला मालिकेच्या सेटवर गेले तेव्हा. तिथे शेवटची रांग माझ्या नाकापासून चार फुटांवर होती. फ्रेम हनुवटीखाली सुरू होऊन कपाळावर संपते तेव्हा भुवई केसभर हलली तरी ती घटना असते.

त्यामुळे नव्या मुलामुलींना मी पहिली सवय सांगते ती विचारण्याची. शॉट लागला की "दादा, फ्रेम कुठे कापताय?" एवढंच विचारा. कुणी हसत नाही, उलट कॅमेरामनला बरं वाटतं. मिड, म्हणजे कमरेपर्यंतची फ्रेम, असेल तर खांदे, हात, मान वापरायला मोकळीक असते. क्लोज असेल तर मान एका जागी धरा आणि काम डोळ्यांवर सोपवा. समोरच्याच्या दोन्ही डोळ्यांकडे आळीपाळीने बघू नका. एरवी आपण तसंच बघतो, पण क्लोजमध्ये बुबुळं इकडेतिकडे पळताना दिसतात आणि माणूस खोटारडा वाटतो. कॅमेऱ्याच्या बाजूचा एक डोळा निवडा आणि त्याच्याशीच बोला. ब्रिटिश नट मायकेल केन हेच शिकवायचे. मला ते एका असिस्टंट डिरेक्टरने वैतागून शिकवलं.

पापणीचंही तसंच. जीन हॅकमनचा एक चित्रपट संकलित करताना वॉल्टर मर्च यांच्या लक्षात आलं, की आपण जिथे कट घ्यायचं ठरवतो त्याच्या अगदी जवळ हॅकमनची पापणी लवते. त्यांनी त्याचा अर्थ असा लावला, की एक विचार संपून दुसरा सुरू होतो तिथे माणूस पापणी मिटतो. हे वाचलं आणि मी माझे जुने एपिसोड आवाज बंद करून पाहिले. जिथे मी खरंच ऐकत होते तिथे पापण्या हव्या तिथे लवत होत्या. जिथे पुढचं वाक्य आठवत होते तिथे फडफड चालू होती. पापण्या मुद्दाम रोखू नका, त्याने नजर काचेची होते. ऐका, बाकीचं आपोआप होतं.

आता रडण्याबद्दल, कारण नवख्यांना सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच असते. माझ्या पात्राचे वडील जातात असा सीन होता. मास्टर, म्हणजे सगळा सीन एकत्र दाखवणारा लांबचा शॉट, लागला आणि मी अशी रडले की स्पॉटदादासुद्धा थांबून बघत राहिले. मला वाटलं, जिंकलं. मग समोरच्यांचे सजेशन, म्हणजे माझ्या खांद्यावरून घेतलेले शॉट, झाले, सासूबाईंचा क्लोज झाला, जेवणाची सुट्टी झाली, लाइट बदलला आणि चार वाजता माझा क्लोज आला. आत काहीच उरलं नव्हतं. मास्टरमधलं रडणं एपिसोडमध्ये दोन सेकंद दिसलं, तेही पाठमोरं. क्लोजमध्ये ग्लिसरीन घातलं. ग्लिसरीनने डोळा चुरचुरतो, पाणी येतं, पण नाक कोरडं, श्वास सरळ आणि आवाज धुतल्यासारखा स्वच्छ. टीव्हीवर बघताना आईनेच विचारलं, "डोळ्यात काही गेलं होतं का गं?"

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव, म्हणजे आतल्या भावनेने शरीरावर आपोआप उमटणाऱ्या खुणा, सांगितले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. आपण त्यातले फक्त अश्रू धरून बसतो. मी आता आधी स्वरभेदाकडे, म्हणजे आवाज बदलण्याकडे, बघते. घसा दाटला, श्वास अडकला की डोळे कोरडे असले तरी चालतात. आणि रडू आलंच तर ते आवरायचा प्रयत्न करते. ज्यांच्या घरात मयत झालं आहे अशा माणसांना आठवून बघा, त्यातले किती जण रडायचा प्रयत्न करत असतात? बहुतेक जण आल्यागेल्याला चहा विचारत असतात. ती आवरायची धडपड चेहऱ्यावर दिसली की बघणाऱ्याचा घसा दाटतो. मास्टरमध्ये मी हल्ली फक्त जागा आणि हालचाली नीट ठेवते, कारण पुढे कंटिन्यूटीला, म्हणजे एका शॉटचा दुसऱ्याशी मेळ बसायला, त्याच लागतात. बाकीचं क्लोजसाठी शिल्लक ठेवते.

कार्यशाळांमध्ये आरशासमोर नवरस करून घेतात. ते निरुपयोगी आहे असं म्हणणारे भेटतील. माझं मत अर्धंमुर्धं आहे. त्याने स्नायू मोकळे होतात, कोणता कुठे आहे ते कळतं. पण आरशात तुम्ही स्वतःकडे बघत असता आणि कॅमेऱ्यासमोर नेमकं तेच मोडायचं असतं. त्यापेक्षा फोन उभा करा, थोडा लांब ठेवून झूम करा (अगदी जवळ धरला तर नाकाचा बटाटा होतो) आणि मैत्रिणीला काहीतरी वाचायला सांगून फक्त ऐका. पाच मिनिटं, एक शब्दही न बोलता. मग आवाज बंद करून बघा. पहिल्यांदा लाज वाटेल.

डेली सोपमध्ये मात्र हे सगळं जपणं कठीण जातं, ते लपवण्यात अर्थ नाही. रोज वीसेक मिनिटांचा एपिसोड काढायचा असतो. सीन संपला की डिरेक्टर म्हणतात, "आता सगळ्यांच्या रिअ‍ॅक्शन." समोर कुणी नसतं. थर्माकोलवर चिकटवलेल्या टेपकडे बघायचं, असिस्टंट सपाट आवाजात क्यू देतो, "तुझा नवरा जिवंत आहे", आणि तुम्ही होल्ड करायचं, म्हणजे तोच भाव धरून थांबायचं. कट येतच नाही. अशा वेळी चेहऱ्याने वेळ भरायला गेलं की भुवया वर जातात. मी मनात एक साधा प्रश्न धरते. कुठे होता तो इतके दिवस? एवढं पुरतं.

एकदा लाइट लावेपर्यंत मी नुसती उभी होते, भूक लागली होती आणि वड्यांचा वास येत होता. कॅमेरा चालूच होता. पुढच्या आठवड्यात तो शॉट प्रसारित झाला, धाकट्या जावेच्या पर्समध्ये पत्र सापडतं त्या जागी. लोकांनी मला विचारलं, तो संशय तू कसा आणलास? रशियात लेव्ह कुलेशोवने शंभरेक वर्षांपूर्वी हेच दाखवलं होतं. मोझ्झुखिन या नटाचा तोच निर्विकार चेहरा, पण आधी सूपची वाटी दाखवली की तो भुकेला वाटे आणि शवपेटी दाखवली की दुःखी. माझ्या बाबतीत फक्त उलटं झालं, भूक खरी होती आणि संशय संकलकाचा. पण त्यामुळे एक सूट मिळते. पत्र प्रेक्षकाने पाहिलेलं आहे, ते तुम्ही पुन्हा चेहऱ्याने वाचून दाखवायची गरज नाही.

बायकांसाठी एक बारीक सूचना: मेकअपदादांना खोट्या पापण्या हलक्या लावायला सांगा. जड पापण्यांनी दुपारनंतर डोळे अर्धे मिटतात आणि तुमची सोज्वळ नायिका पेंगताना दिसते. मोठी नथ असेल तर वरच्या ओठाचं काम झाकलं जातं, तेवढं डोळ्यांकडून करून घ्या.

माझी उजवी भुवई दोन वर्षांत वठणीवर आली. डावी अजून ऐकत नाही. हल्ली लेखकांनी नाद सोडला आहे. माझ्या सीनच्या शेवटी ते स्वतःच कंसात लिहून पाठवतात: (भुवई).