पाळणाघराची पाटी लावली, पण मुलं येईनात? या चुका टाळा

जूनमध्ये पाटी लावली आणि दसऱ्यापर्यंत माझ्याकडं एकच मूल होतं, तेही घरमालकिणीच्या नात्यातलं. कराडला सहा वर्षं पाळणाघर चालवलेलं, एका वेळी आठ-नऊ मुलं असायची, त्यामुळं आपल्याला हे काम येतं असं मी धरून चालले होते. मुलं सांभाळायला येत होतंच. पण मुलं मिळवायची कशी, ते मला कधी शिकावंच लागलं नव्हतं. कराडात गल्लीतल्या निम्म्या बायका मला लग्न होऊन आले तेव्हापासून ओळखायच्या. नवऱ्याची सांगलीला बदली झाली, विश्रामबागेत भाड्यानं घर घेतलं, आणि इथं मला ओळखणारं माणूस म्हणजे दूधवाला.

मी केलेल्या चुका पुढं सांगते. तुमचं गाडं नेमकं कुठं अडलंय ते बघा, कारण प्रत्येक ठिकाणचा उपाय वेगळा आहे.

फोनच येत नाहीत

मी पाचशे पत्रकं छापून पेपरातून टाकली. फोन आले नऊ. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला, त्यावर चौदा नमस्कार आणि तीन अंगठे आले. नंतर लक्षात आलं की त्या ग्रुपवरच्या निम्म्या घरांत आजी-आजोबा आहेत आणि उरलेल्यांची मुलं कॉलेजात.

ज्यांना पाळणाघराची खरी गरज असते ती माणसं बहुतेक माझ्यासारखीच बाहेरून आलेली असतात. सांगलीच्या गावभागात, खणभागात जुनी घरं, शेजारी चुलत सासू, मूल कुणाच्याही मांडीवर वाढतं. इकडं विश्रामबाग, शंभर फुटी रस्ता, पुढं मिरजेच्या बाजूला बँकेत बदलून आलेले, कॉलेजात शिकवणारे, मिरजेच्या दवाखान्यांत पाळ्या करणाऱ्या नर्सबाई, कुपवाड एमआयडीसीत नवरा-बायको दोघंही नोकरीला. यांच्यापर्यंत पेपरातलं पत्रक पोहोचत नाही. सकाळी पेपर उघडायला यांना वेळ कुठला?

यांच्यापर्यंत पोहोचतात ती मधली माणसं. धुणंभांड्याच्या मावशी, बालरोगतज्ज्ञांकडं नंबर लावणारी मुलगी, बालवाडीतल्या मदतनीस, आणि सगळ्यांत आधी रिक्षावाले काका. मला पहिलं खरं गिऱ्हाईक काकांनीच दिलं. आमच्या कोपऱ्यावर रोज साडेअकराला बालवाडीची रिक्षा थांबायची. एक दिवस मी पाणी नेऊन दिलं आणि सहज विचारलं, एवढा वेळ का थांबता? काका म्हणाले, "मॅडम, ह्या पोराचे आजोबा बाराला येत्यात. तवर ते माझ्या रिक्षातच बसतंय. परवा आजोबाच आजारी पडले, तर मी त्याला घेऊन दोन खेपा मारल्या." त्या पोराची आई कुपवाडला नोकरीला होती. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

इथं एक चूक हमखास होते: काकांना मुलामागं पैसे देऊ करणं. मीही विचारलं होतं. ते नुसतं बघत राहिले आणि आठवडाभर माझ्याशी तुटक बोलले. त्यांचं म्हणणं पुढं कळलं. पैसे घेतले की उद्या मुलाला काही झालं तर आईबापांना तोंड दाखवायची सोय नाही. काकांना हवं होतं एवढंच की रिक्षा आली की मी फाटकात असावी. पहिल्या आठवड्यात त्यांना दोनदा हॉर्न वाजवत ताटकळायला लावलं होतं, तेही ते विसरले नव्हते.

दुसरी गोष्ट हिशोबाची. बाळंतपणाच्या रजेचा कायदा 2017 साली बदलला आणि पहिल्या दोन मुलांसाठी रजा 26 आठवड्यांची झाली. त्यातली 8 आठवड्यांपर्यंत बाळंतपणाआधी घेता येते. म्हणजे आई कामावर परतते तेव्हा बाळ चार ते सहा महिन्यांचं असतं. ती ऐन वेळी शोधत नाही, महिना-दोन महिने आधीच चौकशीला लागते. त्याच सुमाराला बाळाच्या सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी असतात. दवाखान्यातल्या बाकावर शेजारी बसलेल्या दोन आया एकमेकींना काय विचारतात? "तुम्ही कामावर गेल्यावर कुणाकडं ठेवणार?" तिथं तुमचं नाव निघायला हवं. मी डॉक्टरांना भेटायला गेले, ते गडबडीत होते. बाहेरच्या मुलीशी दहा मिनिटं बोलले, त्याचा उपयोग झाला.

फोन येतात, पण बघायला कोणी येत नाही

त्या नऊ फोनांतल्या सहा जणींनी पहिलाच प्रश्न टाकला: "किती घेता?" मी आकडा सांगितला. "बरं, कळवते." संपलं.

आकडा लपवू नका, पण आधी दोन गोष्टी विचारा. बाळ केवढं आहे आणि तुमची कामाची वेळ काय? त्यानंतर सांगितलेला आकडा त्यांच्या बाळाचा असतो, आणि त्या पुढं बोलायला लागतात. वेळ विचारल्यामुळंच मला माझी सगळ्यांत बावळट चूक सापडली. पाटीवर लिहिलं होतं ‘सकाळी 9 ते संध्याकाळी 6’. नऊ-साडेनऊला हजेरी असणारी बाई माझ्याकडं नऊला मूल सोडून मिरजेला पोहोचणार कशी? आठ केलं. नर्सबाईंची पाळी त्याही आधी सुरू होते, त्यांच्यापैकी एकीसाठी सव्वासातलाही दार उघडते, त्याचे वेगळे पैसे घेते.

बघून जातात, पण मूल ठेवत नाहीत

खरा घोळ इथं असतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी बघायला बोलवायची वेळ. मी दुपारी दोनला बोलवायची, कारण तेव्हा घर आवरलेलं असायचं. मूल झोपलेलं, सतरंजी घडी घातलेली, खेळणी टोपलीत. येणाऱ्याला वाटायचं, हे पाळणाघर की पाहुण्यांची खोली? आता साडेचारला बोलवते. मुलं उठलेली असतात, कुणी केळं खातंय, कुणी भिंतीला टेकून डोळे चोळतंय, एखादं भोकाड पसरतंय. तुमच्याकडं अजून एकही मूल नसेल तर त्यांना त्यांचं मूल घेऊन यायला सांगा, तुम्ही खाली जमिनीवर बसा आणि मुलाला आपणहून तुमच्याकडं येऊ द्या. ओढून मांडीवर घेऊ नका. आई तेवढंच बघत असते.

आता आजी. आई ठरवते असं मी समजत होते. एक ताई दोनदा येऊन गेली, सगळं आवडलं म्हणाली, तिसऱ्या वेळी तासगावहून सासूबाईंना घेऊन आली. सासूबाई आधी थेट स्वयंपाकघरात गेल्या, गॅसच्या नळीकडं बघितलं, मग मोरीत, पाण्यानं भरलेली बादली होती तिच्याकडं बघितलं. बाहेर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "पोरगं रडलं तर काय करता?" मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "माझ्याकडं मुलं रडतच नाहीत."

"रडत न्हाईत मंजी? गप बसवता व्हय?"

मला पुढं बोलताच येईना. ते मूल आलं नाही. बाईंचं बरोबर होतं. नव्या घरात सोडलेलं मूल रडतंच, आणि न रडणाऱ्या मुलांचं पाळणाघर ऐकून कुठल्याही आजीच्या पोटात गोळा यावा. आता मी खरं सांगते: पहिले चार-पाच दिवस रडेल, कडेवर घेऊन अंगणात फिरवते, तासाभरात शांत झालं नाही तर आईला फोन करते. आणि भरलेली बादली मोरीत ठेवत नाही. रांगत्या मुलाला तेवढं पाणीही घातक असतं, हे मला सहा वर्षांच्या अनुभवानंतर तासगावच्या आजींनी शिकवावं लागलं.

सांगलीत आणखी एक प्रश्न जुलैमध्ये येतो: "तुमच्यात पाणी येतं का?" पहिल्यांदा मी हसले. 2019 च्या पुरात ज्यांनी घर सोडलंय त्यांच्यासमोर हसायचं नव्हतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांना गेलं की इशारा आणि 45 ला धोका, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. आपल्या गल्लीत त्या वर्षी पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्यांना आधी विचारून ठेवा. शिवाय पावसात शाळा बंद आणि ऑफिस चालू अशा दिवशी तुम्ही उघडणार की नाही, ते आधीच ठरवून सांगा. त्या एका उत्तरावर मला एक बँकवाली ताई मिळाली.

कागद म्हणाल तर पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, सोसायटीचं किंवा घरमालकाचं पत्र, जवळच्या डॉक्टरांचा नंबर, हे एका फाईलमध्ये समोर ठेवा. फार कमी लोक उघडतात. कंपन्यांच्या ऑफिसात जायचं असेल तर मात्र फाईलशिवाय जाऊ नका. पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथं पाळणाघराची सोय करणं त्याच 2017 च्या बदलानं बंधनकारक झालंय, त्यामुळं विचारायला हरकत नाही. मी नुसतं पत्रक घेऊन गेले होते, वॉचमननं ते ठेवून घेतलं.

ठेवतात, पण महिन्याभरात काढून नेतात

पहिलं कारण स्वस्ताई. गिऱ्हाईक यावं म्हणून मी पहिल्या महिन्याला निम्मे पैसे घेतले. दुसऱ्या महिन्यात पूर्ण मागितले तेव्हा दोघींना ते वाढवल्यासारखे वाटले. त्यापेक्षा पहिले तीन दिवस दोन-दोन तास फुकट ठेवा, आईलाही जवळ बसू द्या, आणि चौथ्या दिवसापासून पूर्ण दर. उशीर झाल्यास काय, दिवाळीच्या सुट्टीचे पैसे धरायचे की नाही, मूल आजारी असताना आणायचं का, हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून दोघींनी सह्या करायच्या. शेजारणीचं मूल "जरा तासभर बघता का वहिनी" म्हणून येतं, तेही याच वहीत येऊ दे. मी संकोचानं चार महिने फुकट बघितलं, आणि तीच शेजारीण इतरांना सांगायची, "त्या काय, घरीच असतात."

दुसरं कारण फोटो. जाहिरात होईल म्हणून मी मुलांचे फोटो स्टेटसला टाकायची. खीर तोंडाला फासलेल्या एका गोड पोराचा फोटो ठेवला, आणि त्याच्या आईला तो तिच्या ऑफिसातल्या कुणाच्यातरी मोबाईलवर दिसला. तिनं भांडण केलं नाही. महिना संपल्यावर मूल आणायची बंद झाली. आता फोटो फक्त त्या-त्या आईलाच पाठवते, दुपारी एक, जेवण झाल्यावर.

तिसरं, सगळ्यांना हो म्हणणं. चार महिन्यांचं बाळ, दोन धावणारी मुलं आणि संध्याकाळी गृहपाठाला येणारी दोघं, हे सगळं मी एकटीनं एका महिन्यात घेतलं. बाळाला दूध पाजताना धावणाऱ्यांपैकी एकाचं कपाळ दाराला आपटलं. आई काही बोलली नाही, पण टेंगूळ बघताना तिची बोटं थरथरत होती. आता तान्हं बाळ एका वेळी एकच, आणि पुढच्या बाळाच्या आईला सरळ सांगते, मार्चपर्यंत जागा नाही. गंमत म्हणजे असं सांगितल्यावर ती थांबते.

सध्या सात आहेत. गुरुवारी एक आजी बघायला येणार आहेत पलूसहून. साडेचारची वेळ दिलीय.