शेजारचा कोंबडा पहाटे चारला आरवतो, काय करायचं?

पहिलं काम म्हणजे त्रास कोंबड्यांचा आहे की कोंबड्याचा ते नीट बघा. बरेच लोक "बाजूवाल्यांनी कोंबड्या पाळल्यात, झोपच नाही" असं सरसकट सांगत सुटतात आणि मग शेजारी भडकतात, कारण त्यांना वाटतं हे लोक आपल्या सगळ्या कोंबड्या उचलायला निघालेत. कोंबडी रात्री गप्प असते, अंधार पडला की खुराड्यात जाऊन बसली की सकाळपर्यंत आवाज नाही. तिचा काय तो गोंधळ सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, अंडं घातलं की पाच-दहा मिनिटं कॉक-कॉक-कॉक करत गावभर सांगते, पण तो आवाज जोरात बोलणाऱ्या माणसाएवढा, आणि त्या वेळी रस्त्यावर रिक्षावाले त्याहून जास्त बोंबलत असतात. तुमची झोप मोडतो तो नर. आणि अंड्यांसाठी नर लागतच नाही, कोंबड्या त्याच्याशिवायही अंडी देतात, फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत. हे वाक्य लक्षात ठेवा, बोलणी करताना फार कामाला येतं.

आता तो आरवतो का. आपल्याला वाटतं उजाडलं म्हणून आरवतो. जपानच्या नागोया युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी 2013 मध्ये कोंबड्यांना दिवसरात्र एकसारख्या मंद उजेडात ठेवून बघितलं, तरी ते आपापल्या वेळेलाच आरवत होते, म्हणजे घड्याळ त्यांच्या आतच असतं. उजाडायच्या साधारण दोन तास आधी सुरुवात होते. मुंबईत जूनमध्ये सूर्य सहाच्या आसपास उगवतो म्हणजे कोंबडा चारला चालू, आणि जानेवारीत सव्वासातच्या आसपास उगवतो म्हणजे पाच-सव्वापाच. म्हणून मे-जूनमध्ये, ते पण उकाड्यामुळे खिडक्या सताड उघड्या असताना, सगळ्यात जास्त भांडणं होतात. त्यात गाडीचे हेडलाईट, गल्लीतला नवा पांढरा एलईडी दिवा, दुसऱ्या कोंबड्याचा आवाज यानेही तो अवेळी सुरू होतो. तेव्हा आधी एक आठवडा मोबाईलमध्ये वेळ लिहून ठेवा, कधी सुरू झाला, किती वेळ चालला, त्याआधी काही झालं का. रोज अडीच वाजता आरवत असेल तर घड्याळाचा संबंध नाही, तिथे दिवा किंवा मांजर-घूस काहीतरी आहे. दिवा असेल तर खुराड्याच्या त्या बाजूला जाड गोणपाट लावलं तरी अर्धं काम होतं.

मुंबईत हा प्रश्न येतो तो बहुतेक गावठाण, कोळीवाडा नाहीतर बैठ्या चाळींच्या शेजारी. वर्सोवा, खारदांडा, वरळी, इकडे आमच्या बोरिवली-दहिसरकडे एक्सर, वझिरा, कांदरपाडा, सगळीकडे तेच चित्र, खाली कौलारू घर आणि अंगण आणि त्याला खेटून वीस मजली टॉवर. आणि एक गोष्ट मान्य करूया, ते लोक आधीपासून आहेत, आपण नंतर आलो, तेव्हा "सोसायटीच्या नियमात बसत नाही" हे त्यांना सांगून उपयोग नाही, ते तुमच्या सोसायटीत नाहीत.

म्हणून बोलायच्या आधी चौकशी करा, कोंबडा ठेवलाय कशासाठी. हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि उत्तर त्यातच असतं. गटारीसाठी पाळलेला असेल तर आषाढ अमावस्येपर्यंतचा प्रश्न आहे, श्रावण लागायच्या आत आपोआप मिटतो, मग जुलैमध्ये जाऊन संबंध बिघडवण्यात काय अर्थ आहे. गावी राखणीला, म्हणजे गावच्या राखणदाराला द्यायला न्यायचा असेल किंवा नवसाचा असेल तर "देऊन टाका" म्हणणं म्हणजे सरळ भांडणाला आमंत्रण, तिथे फक्त रात्री कुठे ठेवायचा एवढंच बोला. पिल्लं काढायची असतील तर नर लागणारच, पण एक पुरतो. आणि नुसताच हौसेने ठेवला असेल तर वर सांगितलेलं अंड्याचं वाक्य वापरा, कधीकधी खरंच माहीत नसतं लोकांना.

बोलायला कोणाकडे जायचं? घरातला कर्ता पुरुष नाही, कोंबड्यांना दाणे कोण टाकतं ते बघा. बहुतेक वेळा आजी नाहीतर मावशी असते. पुरुषाकडे गेलात की तो इज्जतीचा प्रश्न करतो. आणि जायचं ते संध्याकाळी, पहाटे साडेचारला डोळे चोळत खिडकीतून ओरडून नाही. सोबत पोरगं असेल तर न्या, कोंबड्या बघायला म्हणून. बोलायचं साधारण असं, "मावशी, कोंबडा छान आहे हो तुमचा, तुरा बघा काय लाल आहे. फक्त एक विनंती होती, आमच्या सासूबाईंना रात्री झोप लागत नाही, पहाटे कुठे डोळा लागतो तेवढ्यात हा उठवतो. रात्रीपुरता त्याला आत घेता येईल का, सात वाजता सोडा परत, त्यासाठी पेटी लागेल ती मी बनवून देतो." यात तीन गोष्टी आहेत, तक्रार फक्त कोंबड्याची, वेळ ठरलेली, आणि खर्च तुमचा. वास, घाण, मच्छीचं पाणी, गटार हे सगळं त्याच दिवशी काढू नका. आणि तुम्ही शाकाहारी असाल तर त्या विषयाचा चुकूनही उल्लेख नको, मुंबईत यावरून डोकी फुटतात.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही हे खरंच, पण कोंबडं झाकलं तर शेजाऱ्याची झोप मात्र शाबूत राहते. फक्त नीट झाकावं लागतं. नुसतं डालग्याखाली ठेवून उपयोग नाही, डालग्याच्या फटींतून उजेडही जातो आणि आवाजही बाहेर येतो. लाकडी पेटी बनवून घ्यायची, जवळचा सुतार जुन्या प्लायमधून करून देतो. मुद्दा उंचीचा आहे. कोंबडा आरवताना पाय ताणून मान सरळ वर करतो, मान वर झाली नाही तर पूर्ण आवाज निघत नाही. तेव्हा छत एवढंच उंच ठेवायचं की तो आरामात उभा राहील, वळेल, पण मान ताणली की डोकं टेकेल. वर टोचेल असं काही नको, छताला आतून जुनी गादी नाहीतर रबरी मॅट लावा. थर्माकोल अजिबात नको, कोंबडा टोचून टोचून खातो.

हवेचं मात्र बघा, इथे लोक गडबड करतात. मुंबईच्या एप्रिल-मे मध्ये बंद पेटीत कोंबडा मरेल. खालच्या बाजूला एका भिंतीत आणि वरच्या बाजूला समोरच्या भिंतीत भोकं, आणि प्रत्येक भोकासमोर बाहेरून चार बोटं अंतर सोडून एक फळी, म्हणजे हवा वळून जाते पण उजेड सरळ आत येत नाही आणि आवाजही थोडा अडतो. बारीक जाळी ठोका, नाहीतर घुशी शिरतात. पेटी पत्र्याच्या शेडखाली किंवा पत्र्याला टेकून ठेवली तर पत्राच ढोलासारखा वाजतो, म्हणून जमिनीवर, विटांवर उचलून, आणि भोकांची बाजू तुमच्या बिल्डिंगच्या विरुद्ध. घराच्या पलीकडच्या अंगाला ठेवता आली तर सोन्याहून पिवळं, मध्ये अख्खं घर येतं. पावसाळ्यात वर ताडपत्री लागेल, पण चारही बाजूंनी गुंडाळायची नाही.

रोज पकडायचा कसा असं मावशी विचारतील. अंधार पडल्यावर कोंबड्याला फारसं दिसत नाही, मुकाट बसून असतो, दोन्ही हातांनी पंख दाबून अलगद उचलला तर हूं की चूं करत नाही. दिवसा मागे धावलात तर अख्खी वाडी गोळा होईल. आतून घुसमटलेला आवाज येईल, तो येतच राहणार, आतलं घड्याळ बंद होत नाही, पण तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याची धार गेलेली असते.

दोन कोंबडे असतील तर वेगळी गंमत आहे. त्यांच्यात नंबर ठरलेले असतात, आधी मोठा आरवतो मग खालचे रांगेने, हेही त्याच नागोयावाल्यांनी नंतर दाखवून दिलं. मोठा काढला की दोन नंबरचा सुरू करतो, म्हणून "एक देऊन टाकला" म्हणून खूश होऊ नका, फक्त सवाल-जवाब बंद होतात. गळ्यात बांधायचा वेल्क्रोचा पट्टा ऑनलाईन मिळतो, तो मला स्वतःला पटत नाही, जरा घट्ट झाला की कोंबडा गुदमरतो आणि दुसऱ्याच्या कोंबड्याला असं काही बांधायला सांगून उद्या तो मेला तर आळ तुमच्यावर.

आता तुमची खिडकी. जवळून कोंबड्याचा आवाज 100 डेसिबलच्या वर जातो. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की साधारण 6 डेसिबल कमी होतात, म्हणजे एका मीटरवर 100 धरला तर वीस मीटरवर पण 74 उरतो. कुंड्या, वेली, जाड पडदे याने त्यात काही फरक पडत नाही, उगाच पैसे घालू नका. आवाज येतो तो फटीतून. आपल्याकडच्या अल्युमिनियम स्लायडिंगला खाली आणि मधल्या जोडाला फट असतेच, तिथला ब्रश झिजलेला असतो, हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळतो तो बदलून घ्या, सगळ्यात स्वस्त उपाय. बजेट असेल तर फक्त त्या एका बेडरूमला दारासारखी उघडणारी, रबर पॅकिंगवाली आणि लॅमिनेटेड काचेची खिडकी बसवा. एसी लावायचं होलही बघा, पाईपच्या बाजूने बोट जाईल एवढी जागा सोडलेली असते. आणि ज्यांना परवडत नाही त्यांनी फोमचे इअरप्लग आणि पंखा फुल स्पीडवर, झोपायची खोली बदलता आली तर तीही.

कायद्याचं बोलायचं तर हा रस्ता शेवटी, आणि अपेक्षा कमी ठेवून. 2000 सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल अशी मर्यादा आहे, रात्र म्हणजे 10 ते 6, आणि तक्रारीला 10 डेसिबलने तरी जास्त असावं लागतं. ऐकून वाटतं की कोंबडा सरळ आत, पण गोची अशी की हा आकडा ठरावीक वेळेची सरासरी असतो. आरवणं एक-दोन सेकंदांचं, मग शांत, सरासरी काढली की आकडा खाली येतो. सहा वाजले की दिवसाची मर्यादा लागू, म्हणजे जानेवारीतला निम्मा त्रास रात्रीत धरलाच जात नाही. मोबाईलमधल्या अ‍ॅपचं रीडिंग बोलायला ठीक आहे, पुरावा म्हणून त्याला वजन नाही.

तरी करायचीच असेल तर एकट्याने नको. सार्वजनिक उपद्रव म्हणायला दोन-चार घरांना त्रास हवा, म्हणून बाजूच्या विंगमधले, चाळीतले पण ज्यांना त्रास आहे त्यांच्या सह्या, तारीख-वेळ लिहिलेली वही, दोन-तीन व्हिडिओ, आणि लेखी अर्ज पोलीस स्टेशनला. पोच घ्या. पोलीस बहुतेक दोघांना बसवून समज देतात आणि खरं सांगायचं तर तेवढंच पुरतं. त्यापुढे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली उपद्रव हटवायचा आदेश मागता येतो, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 292 खाली दंड आहे तो जास्तीत जास्त 1000 रुपये, कोंबड्याची किंमत धरून हिशोब करा. घाण, सांडलेलं खाद्य, त्यामुळे उंदीर-घुशी असा प्रकार असेल तर पालिकेच्या 1916 वर किंवा वॉर्ड ऑफिसच्या आरोग्य खात्यात तक्रार करा, पावसाळ्यात लेप्टोच्या (उंदरांमुळे पसरणाऱ्या तापाच्या) भीतीने ती लवकर घेतली जाते. पण उगाच खोटं लिहू नका, इन्स्पेक्टर येऊन बघतो.

आणि रागाच्या भरात कोंबड्याला काही खायला घालायचा विचार डोक्यात आला असेल तर, जनावराला विष घालणं, मारणं याला न्याय संहितेच्या 325 खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. उपद्रव त्याचा हजाराचा आणि गुन्हा तुमचा पाच वर्षांचा. फटाके, पाणी मारणं, दगड, हेही नको, तो घाबरून अजून आरवतो.

एक शेवटचं, बाजारात टोपलीत गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं विकायला येतात ती बहुतेक नर असतात, अंड्याच्या हॅचरीला नको असलेली. गल्लीतलं एखादं पोरगं असं पिल्लू घेऊन आलं की चार-पाच महिन्यांत तुमच्या खिडकीखाली नवीन कोंबडा तयार, तेव्हा त्याच आठवड्यात त्याच्या आईशी बोलून घ्या, अजून त्याला नाव ठेवलेलं नसतं तोवर.