पृथ्वीनिकट लघुग्रहाची आकडेवारी वाचताना या चुका टाळा

लघुग्रहाचा तक्ता उघडला की नजर आधी व्यासावर जाते, आणि पहिली चूकही तिथेच होते. बहुतेक छोट्या लघुग्रहांचा व्यास कुणी थेट मोजलेला नसतो. निरपेक्ष प्रत (ठरावीक अंतरावरून धरलेली तेजस्विता; अंक लहान तितका लघुग्रह तेजस्वी) आणि अल्बेडो (पृष्ठभाग किती प्रकाश परत फेकतो तो अंक) यांवरून तो काढलेला असतो. रीत अशी: १३२९ ला अल्बेडोच्या वर्गमुळाने भागायचं. मग निरपेक्ष प्रतीला ५ ने भागून जो अंक येईल, तितका १० चा घात घेऊन त्यानेही भागायचं. उत्तर किलोमीटरमध्ये येतं.

प्रत २२ धरून करून बघा. अल्बेडो ०.२५ असेल तर व्यास १०६ मीटर, ०.१४ ला साधारण १४०, आणि ०.०५ ला थेट २३७. प्रत तीच, पण आकारमानात अकरापट फरक! म्हणून अल्बेडो मोजलेला आहे की गृहीत धरलेला, हे आधी तपासा. गृहीत असेल तर एकच व्यास न लिहिता पल्ला लिहा.

वस्तुमान काढताना सरसकट खडकाची घनता घालू नका. बेन्नू हा लघुग्रह म्हणजे दगडधोंड्यांचा सैल ढीग आहे. त्याची घनता घन सेंटीमीटरला जेमतेम १.१९ ग्रॅम. तिथे २.७ घातलं तर वस्तुमान दुपटीहून जास्त फुगतं. इटोकावा या लघुग्रहाची घनताही १.९ च्याच आसपास आहे.

निरपेक्ष प्रत म्हणजे आकाशात दिसणारी प्रत नव्हे. लघुग्रहापासून सूर्य आणि निरीक्षक दोघंही १ खगोलीय एककावर (पृथ्वी-सूर्य सरासरी अंतरावर) आणि कलाकोन (लघुग्रहापाशी सूर्य व निरीक्षक यांच्या दिशांमधला कोन) शून्य, अशा कल्पित स्थितीतली ती प्रत. अपोफिस या लघुग्रहाची निरपेक्ष प्रत १९ च्या आसपास असूनही १३ एप्रिल २०२९ ला, पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाताना, तो काही भागांतून नुसत्या डोळ्यांनी दिसेल.

कक्षेत घोळ होतो तो एपॉकमुळे. कक्षेचे घटक (तिचा आकार, कल वगैरे सांगणारे अंक) एका ठरावीक तारखेचे, म्हणजे एपॉकचे, असतात आणि ग्रहांच्या ओढीने बदलत राहतात. अपोफिसचा अर्धदीर्घ अक्ष (लंबवर्तुळाकार कक्षेच्या लांबीचा अर्धा भाग) आज ०.९२ खगोलीय एकक आहे. त्याचा दीड घात घेतला की ०.८८ वर्ष, म्हणजे साधारण ३२३ दिवस येतात. कक्षाकाळ जुळतो का, हे पाहायला हा ताळा पुरतो. पण २०२९ च्या भेटीत पृथ्वी ही कक्षाच मोठी करणार आहे आणि अपोफिस एटेन गटातून (अर्धदीर्घ अक्ष १ खगोलीय एककाहून कमी) अपोलो गटात (१ हून जास्त) जाईल. आजचे घटक घेऊन २०३० चं स्थान काढलं, तर सूत्र बरोबर असूनही उत्तर चुकेल. जवळून जाणाऱ्या लघुग्रहासाठी ताजे घटकच घ्या.

‘संभाव्य धोकादायक’ या शिक्क्याचा अर्थही नीट घ्या. पृथ्वी आणि लघुग्रह यांच्या कक्षांमधलं किमान अंतर ०.०५ खगोलीय एकक (सुमारे ७५ लाख किलोमीटर) किंवा कमी आणि निरपेक्ष प्रत २२ किंवा त्याहून तेजस्वी, एवढाच तो निकष. हे अंतर वाटांमधलं आहे. दोन्ही वस्तू एकाच वेळी तिथे असतीलच असं नाही.

परिवलन काळ (स्वतःभोवती एका फेरीला लागणारा वेळ) निम्मा येणं ही प्रकाशवक्रातली (वेळेनुसार तेज कसं बदलतं त्या आलेखातली) नेहमीची फसगत. लांबट लघुग्रह एका फेरीत बहुधा दोनदा उजळतो. दोन शिखरांमधलं अंतर म्हणजे अख्खी फेरी समजलात, तर ५ तासांचे अडीच तास होतात. दोन्ही शिखरांची उंची ताडून पाहा. ती सहसा थोडी वेगळी असते.

आणि सगळं बरोबर असून लघुग्रह दुर्बिणीत सापडत नसेल, तर स्थानं भूकेंद्रीय (पृथ्वीच्या केंद्रातून पाहिल्यासारखी) घेतलीत का ते बघा. चंद्राइतक्या अंतरावरच्या लघुग्रहाचं स्थान तुमच्या जागेमुळे जवळजवळ १ अंशापर्यंत सरकू शकतं, म्हणजे दोन पूर्णचंद्रांइतकं. मोठ्या दुर्बिणीचं दृश्यक्षेत्र बहुधा त्याहून लहान असतं. स्थानं काढताना स्वतःचे अक्षांश-रेखांश आणि उंची भरा. वेळही तपासा: कक्षागणितातली वेळ जागतिक प्रमाणवेळेपेक्षा सुमारे ६९ सेकंद पुढे असते. मिनिटाला १ कलेने (अंशाच्या साठाव्या भागाने) धावणारा लघुग्रह तेवढ्यात एका कलेहून जास्त पुढे गेलेला असतो.