आतड्यांच्या दाहावर फळांच्या अर्काची चाचणी : या चुका टाळा

अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स डिसीज हे आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाचे, म्हणजेच आयबीडीचे, दोन मुख्य प्रकार आहेत. फळांमधील पॉलिफेनॉल (वनस्पतींतील नैसर्गिक रसायने) दाह कमी करत असावेत, या अपेक्षेने त्यांचे अर्क या आजारांवर वारंवार तपासले जातात. उंदरांमध्ये चांगला परिणाम दाखवणारे अर्क बरेच आहेत, पण त्यांतले रुग्णांपर्यंत पोहोचणारे फारच थोडे. याचे खापर बहुतेक वेळा फळावर फुटते. प्रत्यक्षात दोष अनेकदा चाचणीच्या मांडणीत असतो, आणि म्हणूनच निकाल चांगला आला की पहिली शंका चाचणीवरच घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

अर्काची ओळख अपुरी ठेवणे

'डाळिंबाचा अर्क' एवढ्या वर्णनाने वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. अर्क सालीचा आहे, रसाचा की बियांचा, तो पाण्यात काढला की अल्कोहोलमध्ये, फळ कितपत पिकलेले होते, हे सारे नोंदवलेले असले पाहिजे. डाळिंबाच्या सालीत प्युनिकॅलाजिन हे पॉलिफेनॉल भरपूर असते, तर बियांच्या तेलात ते जवळजवळ नसते. म्हणजे एकाच फळाचे दोन अर्क दोन वेगळ्या औषधांइतके भिन्न असू शकतात. वनस्पतीचा नमुना तज्ज्ञाकडून ओळखून घेऊन जतन करावा, अर्कातील घटक वेगळे करून दाखवणारा एचपीएलसी आलेख काढावा, दोन-तीन प्रमुख घटकांचे प्रमाण मोजावे आणि संपूर्ण प्रयोग शक्यतो एकाच बॅचवर पूर्ण करावा.

रस वाळवून केलेल्या पावडरीचा मोठा भाग साखरेचाच असतो, ही बाब सहज नजरेआड होते. अशा वेळी कंट्रोल गटाला (अर्क न दिलेल्या, तुलनेच्या गटाला) नुसते पाणी दिले, तर तुलना अर्क आणि पाणी यांची होत नाही. ती अर्क व साखर एकत्र आणि पाणी यांची होते. कंट्रोलच्या द्रावणात तितकीच आणि त्याच प्रकारची साखर असावी. ही पावडर हवेतील ओलावाही पटकन शोषते. उघड्या बाटलीतून पंधरा दिवसांनी तेवढेच वजन घेतले, तरी त्यात अर्क कमी आणि पाणी जास्त आलेले असते.

पेशींवरील चाचणीत उपकरणाऐवजी अर्कच बोलू लागणे

पेशी जिवंत आहेत का, हे पाहण्यासाठी सर्रास वापरली जाणारी एमटीटी चाचणी पेशी पिवळ्या रसायनाचे जांभळे रसायन करतात, या तत्त्वावर चालते. परंतु अनेक पॉलिफेनॉल हे रूपांतर पेशींविनाच घडवून आणतात. परिणामी मेलेल्या पेशीही जिवंत भासतात आणि विषारी अर्क निरुपद्रवी ठरतो. यावर सोपा उपाय असा : प्लेटमधील काही खाचांत पेशी न घालता केवळ माध्यम आणि अर्क घालावा. तिथेही जांभळा रंग आला, तर ती चाचणी बाजूला ठेवून दुसऱ्या तत्त्वावरची चाचणी घ्यावी किंवा रसायन घालण्यापूर्वी पेशी नीट धुवाव्यात.

गॅलिक आम्लासारखे घटक पेशींच्या माध्यमात आपोआप ऑक्सिडाइझ होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात, आणि मग दिसणारा परिणाम फळाचा नसून पेरॉक्साइडचा असतो. कॅटालेज एन्झाइम घालून प्रयोग पुन्हा केल्यास हा फरक लगेच कळतो. द्राक्षांतील रेसव्हेराट्रॉल काजव्याच्या ल्युसिफरेज या प्रकाश निर्माण करणाऱ्या एन्झाइमलाच थेट रोखते. त्यामुळे ल्युसिफरेजच्या प्रकाशावरून दाहाचे संकेत मोजणाऱ्यांना प्रकाश मंदावलेला दिसतो आणि दाह कमी झाल्याचा भास होतो. अर्कात जिवाणूंचे एंडोटॉक्सिन मिसळलेले नाही, याचीही आधी खात्री करून घ्यावी. दाह वाढवणारा घटक सोबत नेऊन दाह शमवण्याची चाचणी घेण्यात अर्थ नाही.

डीएसएस मॉडेल न समजून घेता वापरणे

या विषयातील सर्वाधिक चुका इथे होतात. उंदरांच्या पिण्याच्या पाण्यात साधारण २ ते ३ टक्के डेक्स्ट्रान सल्फेट सोडियम (डीएसएस) हे रसायन पाच ते सात दिवस दिले की मोठ्या आतड्याचे अस्तर जखमी होते, विष्ठेत रक्त येते, वजन घटते आणि आतडे आखडून लहान होते. रसायनाचे रेणुभार साधारण ३६,००० ते ५०,००० असावे लागते. बॅच बदलली की तीव्रताही बदलते, म्हणून नव्या बॅचवर थोड्या उंदरांमध्ये पूर्वचाचणी घ्यावी.

आता मुख्य मुद्दा. उंदराला किती दाह होणार, हे त्याने किती डीएसएस प्यायले यावर अवलंबून असते. अर्क त्याच पाण्यात मिसळला आणि तो तुरट निघाला, तर उंदीर पाणी कमी पितो, डीएसएस कमी पोटात जाते, दाह सौम्य राहतो आणि अर्काला यश मिळाल्याची नोंद होते. नळीने थेट जठरात अर्क दिला, तरी पोट भरल्यामुळे किंवा हाताळणीच्या ताणामुळे पाणी पिण्याचे प्रमाण बदलू शकते. म्हणून प्रत्येक पिंजऱ्याच्या बाटलीचे वजन रोज घ्यावे आणि दर उंदरामागे प्यायलेल्या पाण्याचा आकडा निकालाबरोबर छापावा. हा आकडा नसलेला सकारात्मक निकाल मी तरी पुरावा मानत नाही.

दुसरी चूक वेळेची. अर्क डीएसएसच्या आठवडाभर आधीपासून सुरू केला, तर प्रयोगाने प्रतिबंध तपासला, उपचार नव्हे. रुग्ण मात्र आजार झाल्यानंतरच येतो. उपचार तपासायचा असेल, तर रक्तस्राव सुरू झाल्यानंतर अर्क द्यावा. त्यातही डीएसएस थांबवल्यावर तीव्र दाह आपोआप बरा होऊ लागतो, हे ध्यानात ठेवून कंट्रोल गटाच्या नैसर्गिक सुधारणेशीच तुलना करावी. शिवाय टी आणि बी पेशी (रोगप्रतिकारक पेशींचे दोन प्रकार) नसलेल्या उंदरांतही तीव्र डीएसएस दाह होतो, त्यामुळे केवळ या मॉडेलवरून 'अर्क टी पेशींचे नियमन करतो' असा निष्कर्ष काढता येत नाही. तो प्रश्न असेल तर टी पेशी स्थलांतराचे किंवा इंटरल्युकिन-१० हे दाह आवरणारे प्रथिन नसलेल्या उंदरांचे मॉडेल घ्यावे.

पिंजरा विसरणे

उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, त्यामुळे एका पिंजऱ्यातील सर्वांचे आतड्यातील सूक्ष्मजीव सारखे होत जातात. अर्काचा गट एका पिंजऱ्यात आणि कंट्रोल गट दुसऱ्यात ठेवला, तर दिसलेला फरक अर्काचा की पिंजऱ्याचा, हे सांगता येत नाही. प्रत्येक गट अनेक पिंजऱ्यांत विभागावा आणि सांख्यिकीत पिंजऱ्याचा हिशेब धरावा. विष्ठेचे गुण देणाऱ्याला आणि ऊतींच्या काचपट्ट्या पाहणाऱ्याला गट ठाऊक नसावा.

जनुकांची अभिव्यक्ती दिसतच नसेल तर

आतड्याच्या नमुन्यातील आरएनए शुद्ध दिसते, तरी क्यूपीसीआरमध्ये (जनुकांची अभिव्यक्ती मोजणाऱ्या चाचणीत) काहीच वाढत नाही, ही तक्रार नेहमीची आहे. ऊतीत उरलेले डीएसएस, आरएनएवरून डीएनए बनवणारे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज आणि त्या डीएनएच्या प्रती काढणारे पॉलिमरेज, या चाचणीतील दोन्ही एन्झाइमांना अडवते. लिथियम क्लोराइडने आरएनए पुन्हा अवक्षेपित करून शुद्ध केल्यास अडचण दूर होते. हे केले नाही, तर जास्त डीएसएस प्यायलेल्या गटातच अभिव्यक्ती खोटी कमी दिसण्याचा धोका राहतो.

मात्रा आणि माणूस

उंदराची मात्रा माणसासाठी वजनाच्या सरळ प्रमाणात वाढवू नये. शरीराच्या पृष्ठभागानुसार उंदराच्या मात्रेला सुमारे १२.३ ने भागतात. ४०० मिलिग्रॅम प्रति किलोची मात्रा अशी ३२.५ मिलिग्रॅम होते, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज जवळपास २ ग्रॅम अर्क. २,००० मिलिग्रॅम प्रति किलो वापरणाऱ्यांनी हाच हिशेब करून पाहावा : उत्तर रोज जवळपास १० ग्रॅम येते, आणि इतका अर्क रुग्ण महिनोन् महिने घेईल का, हे प्रयोगाआधीच ठरवावे.

डाळिंबातील एलाजिटॅनिन या पॉलिफेनॉलपासून आतड्यातील जिवाणू युरोलिथिन नावाची संयुगे बनवतात, पण प्रत्येक माणसाकडे ते जिवाणू सारखे नसतात. त्यामुळे मानवी चाचणीत सर्वांची एकच सरासरी काढण्याऐवजी कोणाच्या लघवीत युरोलिथिन सापडते, हेही मोजावे. प्लासीबोचा (अर्क नसलेल्या नकली मात्रेचा) रंग, चव आणि साखर अर्कासारखी असावी, कारण कोलायटिसच्या चाचण्यांत प्लासीबो गटातील काही रुग्णही सुधारतात. केवळ 'बरे वाटते' यावर न थांबता विष्ठेतील कॅलप्रोटेक्टिन (दाह दाखवणारे प्रथिन) आणि एंडोस्कोपीचे गुणही नोंदवावेत. सहभागी रुग्णांची चालू औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय थांबवू नयेत. ग्रेपफ्रूटसारखे फळ मुख्यतः आतड्यातील सीवायपी३ए४ हे औषधांचे विघटन करणारे एन्झाइम रोखून ब्युडेसोनाइड या स्टेरॉइड औषधाची रक्तातील पातळी वाढवते, म्हणून ते औषध घेणाऱ्यांना अशा अर्काच्या चाचणीत घेऊ नये.